जुनी बॉडी, नवी चेसी: मॉडेल रेल्वेचं थकलेलं इंजिन पुन्हा धावतं करताना

आमच्या बंडीची लाकडी चाकं कामातून गेली तेव्हा आजोबांनी साटा तोच ठेवला आणि खाली टायरचा आख बसवून घेतला. गावात कोणी तिला नवी बंडी म्हटलं नाही. बंडी तीच, फक्त बैल आता घाटीवर थांबत नव्हते. मॉडेल रेल्वेच्या जुन्या इंजिनाची बॉडी ठेवून खाली नवी चेसी बसवणं म्हणजे नेमकं हेच काम. माप मात्र मिलिमीटरमध्ये, आणि बैलांच्या जागी १२ व्होल्ट.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचा. शकुंतला या आमच्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) गाडीची शिटी ऐकत वाढलो, पण हा छंद लागला चाळिशीनंतर. मुंबईच्या मावसभावाने घर बदलताना एक खोकं माझ्याकडे पाठवलं: थोडे रूळ, दोन डबे आणि जुनं अमेरिकी बनावटीचं एक एचओ डिझेल इंजिन. छपरीत रूळ मांडले, वीज दिली. इंजिन घरघरलं, जळका वास आला आणि ते जागच्या जागी थरथरत बसलं. शेजारचे काका कुटाराचं ओझं खाली ठेवून बघत होते. म्हणाले, "भाऊ, हे चालून राहिलं का रडून राहिलं?"

तेव्हापासून पाच इंजिनांच्या चेसी बदलल्या. त्यातल्या दोन बिघडवल्या. हा लेख मुख्यतः त्या दोनांवर उभा आहे.

शब्दांची ओळख, थोडक्यात

एचओ म्हणजे १:८७ चं प्रमाण आणि १६.५ मिमी रुंदीचा रूळ. ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६, पण रूळ तोच १६.५ चा. एन म्हणजे १:१६० आणि ९ मिमीचा रूळ. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७ ला ते १९.३ मिमी यायला हवं. बाजारात मिळतो तो रूळ १६.५ चा. ही तफावत भारतीय इंजिनं करणाऱ्या बहुतेकांनी गिळलेली आहे, तुम्हीही गिळा. नाहीतर रूळसुद्धा स्वतः घडवावे लागतील.

बॉडी म्हणजे वरचं प्लॅस्टिकचं कवच. चेसी म्हणजे खालचा सगळा संसार: सांगाडा, मोटर, वर्म (मोटरच्या दांड्यावरचा आटेदार गिअर) आणि बाकीचे गिअर, बोग्या (इथे डबे नव्हेत, तर इंजिनाखाली वळणारे चाकांचे गाडे), चाकं, आणि रुळातून वीज उचलणाऱ्या पितळी पट्ट्या.

जुन्या आणि नव्या चेसीत फरक काय, ते कळल्याशिवाय पैसे खर्च करू नका. १९७०-८० च्या काळातल्या स्वस्त इंजिनांत, उदाहरणार्थ इटलीच्या लिमाच्या किंवा हॉर्नबीच्या रिंगफील्ड मोटरच्या डिझेलमध्ये, चपटी मोटर एकाच बोगीत बसवलेली असे. तीच बोगी ओढणार, दुसरी नुसती मागे मागे. घसरू नये म्हणून काही चाकांना रबरी कडं. वीज उचलणंही वाटून दिलेलं: एक रूळ या बोगीकडून, दुसरा त्या बोगीकडून. त्यामुळे सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, एका बोगीखालचा प्लॅस्टिकचा भाग आला की इंजिन मेलं. बोटाने ढकलावं लागतं. नव्या चेसीत मोटर मधोमध, तिच्या दोन्ही टोकांना जड फ्लायव्हील (फिरत्या चकत्या), तिथून दांडे दोन्ही बोग्यांकडे. सगळी चाकं ओढतात, सगळी चाकं वीज उचलतात. कासवाच्या चालीनेही इंजिन धक्का न खाता सरकतं. आपल्याला हवी आहे ती ही चाल. वेग तर जुन्यातही भरपूर होता.

आधी बघा, चेसी बदलायचीच आहे का

आपल्याकडे शेतातली मोटर जळली की पहिल्यांदा रिवाइंड करतो, लगेच नवी आणत नाही. इथंही तसंच. बॉडी उतरवा. चाकांवरचा काळा थर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मिळणाऱ्या आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसा. गिअरमधलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं असेल तर काडीने खरवडून काढा. आसांना केस किंवा धागे गुंडाळलेत का, ते भिंगातून पाहा. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत घरात सरकीचा पिंजर उडतो आणि तो आसावर इतका घट्ट बसतो की ब्लेडने कापून काढावा लागतो. माझं एक इंजिन "जळालं" म्हणून मी बाजूला ठेवलं होतं. त्याच्या आसांवर कापसाचा गुंता निघाला, बाकी काही नव्हतं.

एवढं करून ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीच्या दोन तारा थेट मोटरला लावा. मोटर सुरळीत फिरली तर दोष वीज उचलण्यात आहे, मोटरमध्ये नाही. मल्टीमीटर असेल तर करंट मोजा. जुनी उघडी मोटर अर्धा अँपिअर किंवा त्याहून जास्त खाते, नवी बंद डब्याची मोटर चालताना साधारण पाव अँपिअरच्या आत राहते. चालताना दर फेरीला "टक... टक..." असा ठोका येत असेल तर बहुधा आसावरचा प्लॅस्टिकचा गिअर तडकलेला असतो. तडकलेला गिअर चिकटवू नका. दात एका जागी फाकलेलेच राहतात आणि ठोका परत येतो. सुटा गिअर मिळत असेल तर तो बदला आणि चेसीचा विचार सोडून द्या.

चेसी बदलावी ती तीन प्रसंगी. मोटर खरोखर जळालेली असेल. सांगाड्याची धातू फुगून भेगाळलेली असेल. जुन्या जस्ताच्या ओतकामात भेसळ असली की असं होतं आणि त्याला इलाज नाही. किंवा इंजिन धडधाकट आहे, पण तुम्हाला ते सांध्यांवरून हळू, न थांबता न्यायचं आहे. मोटर चपटी, एका बोगीतली असेल तर मधला एक स्वस्त मार्गही आहे: भंगारातल्या सीडी प्लेअरची छोटी मोटर जुन्या मोटरच्या जागी बसवायची. ती कमी व्होल्टची असते, म्हणून मालिकेत २२ ते २७ ओहमचा रेझिस्टर घालतात. काम निघतं, पण ओढणारी बोगी एकच राहते. मी एकदा केलं. परत करणार नाही.

मोजमाप: इथे घाई केली तर पुढचं सगळं फसतं

वर्नियर कॅलिपर घ्या. प्लॅस्टिकचा स्वस्तातला डिजिटलही चालतो. शाळेच्या पट्टीने हे काम होत नाही, मी करून पाहिलंय. पहिलं बिघडवलेलं इंजिन ते हेच.

सगळ्यात आधी दोन बोग्यांच्या फिरण्याच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. बॉडीच्या खालच्या कडेला बोग्यांसाठी जो कट असतो तो याच मापावर असतो, आणि पायऱ्या, इंधनटाकी, टोकाचं पायदान यांची जागाही त्यावर ठरते. इथे दीड-दोन मिमीचा फरक लपतो. तीनच्या पुढे गेलात तर बोगी वळणावर पायरीला घासते.

दुसरं माप बॉडीच्या आतल्या रुंदीचं, आणि नवशिके नेमकं हेच विसरतात. नव्या चेसीचे धातूचे ठोकळे वजनासाठी जाड केलेले असतात. अमेरिकी डिझेलांत बाजूने चालायला पायवाट असते आणि इंजिनघर अरुंद असतं. तुमच्या बॉडीचं घर आतून २० मिमी आणि चेसी २१ ची, तर एकतर बॉडी आतून खरवडा नाहीतर चेसी कानसा. दोन्ही कटकटी आहेत. दुसरी चेसी शोधणं सोपं.

तिसरं, मोटरच्या वरच्या टोकापर्यंतची उंची. चौथं, एका बोगीतल्या आसांमधली अंतरं. पाचवं, चाकाचा व्यास. माझ्या मते हा क्रम असाच ठेवावा. पुष्कळ जण चाकाच्या व्यासावरून वाद घालतात, पण तो दिसतो सगळ्यात कमी.

एक उदाहरण घेऊ. आपल्याकडे वर्षानुवर्षं दिसलेलं डब्ल्यूडीएम-२ हे मुळात अमेरिकेच्या ऑल्को कंपनीचं. १९६२ पासून ती इंजिनं तिथून आली, नंतर वाराणसीच्या कारखान्यात बनली. खऱ्या इंजिनाची लांबी १७.१२ मीटर, भागिले ८७ केलं की १९७ मिमी. चाक १०९२ मिमीचं, म्हणजे मॉडेलमध्ये साडेबारा. ऑल्कोच्या त्या काळातल्या सहा आसांच्या अमेरिकी इंजिनांची चाकं ४० इंची, म्हणजे मॉडेलमध्ये ११.७ मिमी. फरक एक मिमीपेक्षा कमी. छपरीत उभं राहून बघणाऱ्याला तो कळत नाही. पण बोगी कळते. ऑल्कोच्या या तीन आसांच्या बोगीत मधला आस बरोबर मध्यावर नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. डब्ल्यूडीएम-२ च्या बॉडीखाली समान अंतराच्या आसांची दुसऱ्या घराण्याची बोगी लावलीत, तर बडनेरा किंवा वर्धा स्टेशनवर आयुष्य काढलेला माणूस लांबूनच म्हणेल, "काहीतरी चुकून राहिलं बाप्पा." म्हणून चेसी शोधताना आरएसडी मालिकेतल्या ऑल्को इंजिनांच्या चेसी आधी पाहा.

सगळी मापं एका कागदावर बॉडीच्या बाह्यरेषेसह खऱ्या आकारात काढा. हा कागद पुढे तीन वेळा लागेल.

चेसी मिळवायची कुठून

मार्ग तीन. सर्वात सोपा म्हणजे त्याच इंजिनाची नव्या पिढीतली आवृत्ती. बऱ्याच कंपन्या जुनंच मॉडेल नव्या यंत्रणेसह पुन्हा काढतात, आणि बॉडी थोड्या कानसकामाने बसते. दुसरा, वेगळ्या कंपनीचं त्याच खऱ्या इंजिनाचं मॉडेल. ब्रिटिश छंदिष्टांनी लिमाच्या क्लास ३७ ची बॉडी बाकमनच्या चेसीवर कित्येकदा बसवली आहे. खरं इंजिन एकच असल्यामुळे बोग्यांचं अंतर जवळपास जुळतं. तिसरा मार्ग, बॉडी फुटलेलं पण चालणारं इंजिन जुन्या बाजारात शोधणं. मी यालाच जास्त भुलतो, आणि फसलोही इथंच.

विकणाऱ्याकडून दोन गोष्टी मागा. पट्टी शेजारी ठेवून काढलेला चेसीचा फोटो, आणि बॉडीशिवाय चेसी दोन्ही दिशांना हळू चालतानाचा व्हिडिओ. "चालू आहे" एवढं लिहून देण्याला अर्थ नाही. परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क आणि टपालखर्च धरूनच हिशोब करा. कधी कधी तो चेसीपेक्षा जास्त भरतो. पत्ता तालुक्याच्या गावातल्या ओळखीच्या दुकानाचा द्या. कुरिअरवाला आमच्या गावापर्यंत येतो असं कागदावर आहे.

कापण्याआधी चालवा

माझं दुसरं बिघडवलेलं इंजिन. चेसी आली, देखणी होती, मी उत्साहात त्याच संध्याकाळी बॉडीच्या आतल्या खुंट्या कापून टाकल्या. दुसऱ्या दिवशी रुळावर ठेवली तर एका बोगीला मोटरचा दांडा पोचतच नव्हता. दांडा बोगीला जोडणारा कप गायब. विकणाऱ्याने हात वर केले. जुनी चेसी परत बसवावी तर खुंट्या कचऱ्यात.

म्हणून: चेसी नुसतीच, बॉडीशिवाय, गोल रुळावर अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे, मध्यम वेगाने चालवा. आवाज बदलतो का ऐका. हात लावून मोटर तापते का पाहा. कोमट चालेल, चटका नको. चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. एचओ आणि ओओला ते १४.४ मिमीच्या आसपास हवं. कमी असेल तर सांध्यावर गाडी घसरते आणि आपण रुळाला शिव्या देतो.

कापणं, घासणं, बसवणं

माझा एक नियम आहे: आधी बॉडीच्या आतलं, न दिसणारं कापा, चेसीला हात शेवटी. बॉडीत जुन्या खुंट्या, खिडकीच्या काचेचे ठोकळे, दिव्याची नळी असतं. मार्कर लावा, तापवू नका, बारीक करवतीने किंवा धारदार ब्लेडने थोडं थोडं काढा, मग सपाट कानस. दर दोन मिनिटांनी चेसी घालून पाहा. दिसणाऱ्या बाहेरच्या बाजूला आधीच मास्किंग टेप चिकटवून ठेवा, कारण कानस घसरते. घसरतेच.

चेसीची धातू घासावीच लागली तर मोटर, बोग्या, सगळं उतरवून नुसता सांगाडा घासा, साबणाने धुवा, वाळवा, मग जोडा. धातूचा कीस मोटरमध्ये गेला तर परत निघत नाही.

आता बॉडी टेकणार कशावर? लोक फेव्हिक्विकने बॉडी चेसीला चिकटवून मोकळे होतात. असं करू नका. एक दिवस तेल घालायला ती उघडावी लागणारच आहे. मी वापरतो ती युक्ती एम-सीलची. चेसीच्या ज्या सपाट जागांवर बॉडी टेकवायची तिथे पातळ पॉलिथीन ताणून चिकटपट्टीने धरा. बॉडीच्या आत त्याच ठिकाणी मळलेल्या एम-सीलच्या छोट्या गोळ्या लावा. बॉडी चेसीवर ठेवा, रुळावर उभी करा, दोन्ही टोकांची उंची कॅलिपरने मोजून बोटाने दाबत सारखी करा, आणि हात काढून घ्या. एम-सील वाळला की बॉडी उचला, पॉलिथीन काढून टाका. आत चेसीच्या आकाराचे नेमके टेकू तयार. आमच्याकडे वैशाखात हे भराभर वाळतं, तेव्हा एका वेळी एकच टोक करा. पावसाळ्यात रात्रभर ठेवा. धरून ठेवायला मग दोन बारीक स्क्रू किंवा बाजूला प्लॅस्टिकच्या पट्टीची आकडी पुरते.

उंची ठरवताना नजर कपलिंगवर (डबे जोडणाऱ्या आकड्यावर) ठेवा, छतावर नको. एचओमध्ये रुळाच्या माथ्यापासून कपलिंगच्या मध्यापर्यंत सुमारे ९.९ मिमी असतं. केडी कंपनीची २०५ क्रमांकाची मापपट्टी त्यासाठीच आहे, पण पुठ्ठ्यावर ९.९ ची रेघ मारूनही काम भागतं. कपलिंग जुळलं आणि बॉडी अर्धा मिमी उंच दिसली तर ती तशीच राहू द्या.

जुन्या बोगीच्या बाहेरच्या नक्षीपट्ट्या, म्हणजे साइडफ्रेम, जपून ठेवा. नव्या बोगीच्या पट्ट्या काढून त्यावर जुन्या बसवल्या की इंजिनाचा चेहरामोहरा परत येतो. बोगीचं प्लॅस्टिक तेलकट जातीचं असतं, त्याला कुठलाच डिंक नीट धरत नाही. बारीक भोक पाडून तारेची खुंटी घाला आणि मग गोंद.

वीज

यात जीव जात नाही, पण चेसी जाते.

एन आणि छोट्या चेसींत सांगाडा उभा चिरून दोन भागांत केलेला असतो. डावा भाग डाव्या रुळाची वीज, उजवा उजव्याची. मधे प्लॅस्टिकचे तुकडे. अशा चेसीवर शिशाचं वजन आडवं ठेवलं की शॉर्ट झालाच. वजन बॉडीला चिकटवा आणि खालून इन्सुलेशन टेप लावा. वजनासाठी मासेमारीच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या, किंवा व्हील बॅलन्सिंगवाल्याकडचे पडीक तुकडे मिळतात. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, पोरांना दूर ठेवा. वजन दोन्ही बोग्यांवर सारखं पडू द्या. एका टोकाला जास्त झालं की दुसरी बोगी वीज उचलायला आळस करते.

जुने दिवे १२ व्होल्टचे बल्ब असतात आणि ते बॉडी वितळवतात. काढून टाका. त्याऐवजी एलईडी आणि मालिकेत १ किलोओहमचा रेझिस्टर.

डीसीसी म्हणजे प्रत्येक इंजिनात छोटा डिकोडर बसवून एकाच रुळावर अनेक इंजिनं वेगवेगळी चालवणं. पुढेमागे तो विचार असेल तर खरेदीच्या वेळीच ८ किंवा २१ पिनांचं सॉकेट असलेली चेसी घ्या. सॉकेट नसेल तर तारा रंगांवरून जोडायच्या: लाल आणि काळी रुळांकडून, नारिंगी आणि राखाडी मोटरकडे, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा, निळी दिव्यांची सामायिक. त्याआधी मल्टीमीटरने खात्री करा की मोटरचं कुठलंही टोक सांगाड्याला लागलेलं नाही. अमेरिकेच्या अथर्नच्या जुन्या निळ्या खोक्यातल्या इंजिनांत मोटरचा खालचा ब्रश थेट सांगाड्यातूनच वीज घेतो. तो तसाच ठेवून डिकोडर लावला तर डिकोडर पहिल्याच क्षणी धूर सोडतो.

साधं डीसी, म्हणजे डिकोडरशिवाय रुळालाच कमीजास्त वीज देऊन, चालवणाऱ्यांसाठी आमच्या भागातली एक सोय. रात्रीची वीज कमीजास्त होते, दिवसा जाते. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरोघरी असते, हंगाम सोडून ती मोकळीच असते. तिच्यावर इंजिन झकास चालतं. पण बॅटरी आणि रूळ यांच्यामध्ये १ अँपिअरचा फ्यूज घातल्याशिवाय जोडू नका. रुळावर पेचकस पडला तर भिंतीतला अडॅप्टर बंद पडतो, बॅटरी पडत नाही. ती तार लाल करते. वेग कमीजास्त करायला एलएम३१७ या व्होल्टेज ठरवणाऱ्या चिपचं साधं सर्किट गावातला टीव्ही दुरुस्तीवालाही बांधून देतो. ई-रिक्षाच्या दुकानात मिळणारे स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज तुटक तुटक देणारे) जुन्या मोटरला चालतात, पण नव्या छोट्या चेसींतल्या कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरला तो तुटक प्रवाह सोसत नाही. ती तापते आणि लवकर मरते.

तेल, ऊन, धूळ

शिलाई मशीनचं पातळ तेल, सुईच्या टोकावर येईल तेवढं, फक्त आसांच्या टोकांना आणि मोटरच्या बेअरिंगला. गिअरला प्लॅस्टिकला चालणारं पांढरं ग्रीस, कणभर. गंज काढायचा फवारा कुठेही नको. चव म्हणून जास्त तेल घालणारे हात मी पाहिलेत. ते तेल रुळावर येतं, त्याला धूळ चिकटते, आणि पंधरा दिवसांत इंजिन पुन्हा अडखळतं.

पत्र्याच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत इंजिन ठेवू नका. थ्रीडी प्रिंट केलेल्या भारतीय बॉडी आता मिळतात. त्यातल्या पीएलए प्लॅस्टिकच्या असतील तर ६० अंशांच्या आसपास त्या मऊ पडतात, आणि मे महिन्यात उन्हातल्या पेटीत तेवढं तापमान सहज गाठलं जातं. माझ्या एका बॉडीचं छत असंच केळ्यासारखं वाकलं. माळ्यावर नको, कोठीघरात, मातीच्या भिंतीलगत ठेवा.

आणि शकुंतला

हे सगळं शिकलो ते खरं तर इथं यायला. शकुंतलेचा रूळ ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूट. भागिले ८७ केलं की ८.७६. एनचा रूळ ९ मिमी. पाव मिमीचाही फरक नाही! म्हणजे एचओच्या मापाची नॅरोगेज बॉडी करायची आणि तिच्याखाली बाजारात तयार मिळणारी एनची चेसी घालायची. जगभर नॅरोगेजवाले हेच करतात. ब्रॉडगेजवाल्यांना रुळाच्या रुंदीवर तडजोड करावी लागते, आपल्या वऱ्हाडच्या गाडीला जवळपास नाही.

जपानच्या काटोच्या ११-१०९ आणि ११-११० या छोट्या चार चाकी चेसी आणि टोमिटेकच्या टीएम मालिकेतल्या चेसी यासाठी सोयीच्या. बॉडीशिवायच विकल्या जातात, त्यामुळे फुटकं इंजिन शोधायची भानगड नाही. सुरुवात वाफेच्या इंजिनाने करू नका. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत या मार्गावर धावलं, आणि ते करावं असं प्रत्येकालाच वाटतं, पण त्याचे दांडे, सिलिंडर, सगळं बाहेर उघडं असतं आणि एनच्या चेसीवर ते हलतं करणं हे पहिल्या वर्षाचं काम नाही. आधी चौकोनी डिझेल किंवा छोटी रेल्वेमोटर (स्वतःच चालणारा डबा) करा. पुठ्ठ्यावर आराखडा कापा, चेसीवर ठेवा, चाकं बॉडीच्या कडेखाली किती दिसतात ते बघा, मग प्लॅस्टिकची शीट कापा. जुन्या प्लॅस्टिकच्या फाइलींची कव्हरं कापून माझी पहिली बॉडी झाली.

मापांसाठी नागपूरला मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात एक सबंध दिवस काढा. तिथे इंजिनं उभी आहेत, भोवती फिरता येतं. फोटो काढताना बाजूला एक मीटरची काठी उभी धरा. घरी आल्यावर फोटोवरूनच सगळी मापं निघतात. पायरीची उंची, बफर, खिडकीची रुंदी. मी काठी न्यायला विसरलो होतो, तेव्हा बरोबर आलेल्या भाच्याला प्रत्येक इंजिनाशेजारी ताठ उभं केलं. त्याची उंची १४८ सेंटिमीटर होती. आता आमच्याकडे सगळी मापं "एक भाचा, दीड भाचा" अशी लिहिलेली आहेत.

काढलेली जुनी चेसी फेकू नका. स्क्रू, स्प्रिंगा, ब्रश एका डबीत, डबीवर इंजिनाचं नाव. चालती मोटर निघाली तर तिचा उपयोग निघतोच. त्या पहिल्या रडणाऱ्या इंजिनाची मोटर सध्या काकांच्या नातवाने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी केलेल्या उफणणीच्या पंख्यात आहे. घरघरते, जळका वासही येतो, पण दाणे आणि कुटार वेगळं करते.